मुलांची देशभक्ती, मोठ्यांची जबाबदारी

देशभक्ती हा सद्गुण आहे, याविषयी आपल्यापैकी कुणाच्या मनात शंका नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात मातृभूमीवरील प्रेमाचा विचार चौथ्या आज्ञेखाली, म्हणजे आईवडिलांचा मान राखण्याच्या आज्ञेखाली केलेला आहे. ज्या मातीने आपल्याला वाढवले तिचे ऋण मानणे ही कृतज्ञता आहे आणि देशाची सेवा हा प्रीतीचाच भाग आहे, असे ख्रिस्तसभा शिकवते. देश हा आईबापांच्या जागी आहे, असा याचा अर्थ.

परंतु चौथ्या आज्ञेला दुसरी बाजूही आहे आणि तिच्यावर आपण फारसे बोलत नाही. त्याच ग्रंथात, त्याच आज्ञेखाली, आईवडिलांची मुलांविषयीची कर्तव्येही सांगितलेली आहेत. मुलांनी मान राखावा आणि आईबापांनी मुलांना जपावे, त्यांना खरे सांगावे, त्यांच्या उद्याची काळजी वाहावी. मग देश जर आईबापांच्या जागी असेल, तर ही कर्तव्ये देशालाही लागू होतात की नाही? शांततेच्या दिवसांत हा प्रश्न कुणाला पडत नाही. युद्ध सुरू झाले आणि हायस्कुलातली मुले छाती पुढे काढून उभी राहिली की मात्र तो टाळता येत नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटावर 1945 साली जे घडले ते जाणून घेणे उपयोगी ठरेल.

ओकिनावा हे पूर्वी रियुक्यु नावाचे वेगळे राज्य होते. 1879 साली जपानने ते आपला जिल्हा म्हणून सामील करून घेतले. तेथील लोकांची बोली वेगळी, चालीरीती वेगळ्या. त्यामुळे आपणही पक्के जपानी आहोत हे सिद्ध करण्याचे ओझे ओकिनावातल्या शाळकरी मुलांवर इतरांपेक्षा जास्त होते. शाळेत घरची बोली तोंडातून निघाली तर मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली जाई. दुसरा कुणी बोली बोलताना सापडेपर्यंत ती पाटी त्याच्या गळ्यात राही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पुस्तकी मराठीहून वेगळी बोली बोलली जाते. त्या मुलांना काय वाटत असेल हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको. देशावर प्रेम करण्याचा पहिला धडा म्हणून त्या मुलांना आपल्या आईच्या भाषेची लाज बाळगायला शिकवले गेले.

बाकीचे धडेही तसेच होते. 1890 साली सम्राटाने काढलेला शिक्षणविषयक आदेश शाळाशाळांतून गंभीरपणे वाचला जाई. संकटकाळी सम्राटासाठी स्वतःला अर्पण करावे, हे त्या आदेशाचे सार मुलांच्या मनावर बिंबवले जाई. युद्ध पेटल्यावर अभ्यासाचे तास कमी झाले आणि विमानतळ बांधण्याची, खंदक खणण्याची कामे वाढली. शत्रू क्रूर आहे, तो मुलींची अब्रू लुटतो, त्याच्या हाती जिवंत सापडणे ही सर्वांत मोठी नामुष्की, असे सांगितले गेले. आपण जिंकणारच, हेही सांगितले गेले.

23 मार्च 1945 च्या रात्री दोन शाळांतील मुलींना बोलावणे आले. एक मुलींचे हायस्कूल आणि दुसरे शिक्षिका घडवणारे अध्यापन विद्यालय. दोन्ही शाळा एकाच आवारात होत्या. हायस्कूलच्या 65 आणि अध्यापन विद्यालयाच्या 157 अशा 222 मुली 18 शिक्षकांसोबत हाएबारू येथील लष्करी इस्पितळाकडे चालत निघाल्या. त्यांची वये 15 ते 19. पुढे या तुकडीला 'हिमेयुरी' या नावाने जग ओळखू लागले. हे एका लिलीच्या फुलाचे नाव आहे आणि ते या दोन शाळांच्या अंकांच्या नावांवरून आलेले आहे.

या मुलींनी बरोबर काय घेतले होते? वह्या, पुस्तके, लिहिण्याचे साहित्य, कंगवा, आरसा. थोड्याच दिवसांत विजय मिळेल आणि आपण पुन्हा वर्गात बसू, अशी त्यांची खात्री होती. रेड क्रॉसचे निशाण फडकणाऱ्या, तोफगोळ्यांपासून दूर असलेल्या इस्पितळात आपण जखमी जवानांची सेवा करू, असे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर होते. बहुतेकींना शिक्षिका व्हायचे होते. देशासाठी मरण्याची तयारी आणि उद्या शाळेत शिकवण्याचे स्वप्न या दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत घालून त्या निघाल्या होत्या. त्यांना त्यात काही विसंगती दिसत नव्हती. त्या वयात ती दिसतही नाही. तरुण मनाला देश म्हणजे आपला उद्याच वाटत असतो.

प्रत्यक्षात ते इस्पितळ म्हणजे डोंगराच्या पोटात हातांनी खोदलेली अंधारी भुयारे होती. 29 मार्चच्या रात्री तोफांच्या आवाजात, मेणबत्तीच्या उजेडात, शेवटच्या वर्षाच्या मुलींचा पदवीदान समारंभ उरकण्यात आला. 1 एप्रिलला अमेरिकन फौजा मुख्य बेटावर उतरल्या. त्यानंतर दिवसरात्र जखमी येऊ लागले. भूल देण्याचे औषध अपुरे असताना केलेल्या शस्त्रक्रियेत रुग्णाला धरून ठेवणे, कापलेले हातपाय बाहेर नेऊन टाकणे, जखमांतले किडे काढणे, गोळीबारातून धावत जाऊन पाणी व अन्न आणणे, प्रेते पुरणे ही कामे त्या शाळकरी मुली करीत राहिल्या. मेअखेर फौज दक्षिणेकडे हटली तेव्हा ज्यांना चालता येत नव्हते अशा रुग्णांना मागे सोडण्यात आले. काहींना विष देण्यात आले. मुलींनी हेही पाहिले.

आणि मग 18 जूनची रात्र आली. शत्रू जवळ येऊन ठेपलेला, फौजेची दाणादाण उडालेली. अशा वेळी मुलींना सांगण्यात आले की ही तुकडी आता बरखास्त झाली आहे, यापुढे प्रत्येकीने आपल्या जबाबदारीवर वागावे. बाहेर तोफगोळ्यांचा पाऊस पडत होता. शरण जावे, असे मात्र कुणी सांगितले नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी इहारा येथील एका गुहेवर वायूचे बॉम्ब पडले आणि आत अडकलेल्या अनेक मुली व शिक्षक मृत्युमुखी पडले. उरलेल्या दक्षिणेच्या कड्याकपाऱ्यांतून सैरावैरा धावत राहिल्या. एकंदर 240 पैकी 136 जणी-जण दगावले. त्यांत 13 शिक्षक होते.

बंधुभगिनींनो, या आकड्यांमध्ये आणखी एक आकडा आहे आणि तो फार बोलका आहे. मार्चपासून बरखास्तीच्या आदेशापर्यंतच्या जवळजवळ 90 दिवसांत या तुकडीतले 19 जण मरण पावले होते. आदेशानंतरच्या थोड्याच दिवसांत शंभराहून अधिक गेले. म्हणजे देशाला त्यांची गरज होती तोपर्यंत त्या बऱ्याच अंशी वाचल्या, आणि देशाने त्यांना 'आता तुमचे तुम्ही पाहा' असे म्हटल्यावर मेल्या. कारण जिवंत परत येण्याची वाट त्यांना कुणी शिकवलीच नव्हती. मरावे कसे, हे त्यांना वर्षानुवर्षे शिकवले होते. पांढरे फडके दाखवून गुहेबाहेर यावे, यात पाप नाही, हे एका वाक्यात सांगता आले असते. ते वाक्य सांगणारे फार थोडे निघाले.

आता आपला प्रश्न. या मुलींची देशभक्ती खोटी होती काय? मुळीच नाही. भुयारातल्या सैनिकाच्या तोंडाशी पाण्याचा घोट धरणाऱ्या मुलीचे प्रेम खरे होते. तिच्या त्यागाला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. 'तिची दिशाभूल झाली' एवढे म्हणून मोकळे होणेही बरोबर नाही, कारण त्यामुळे तिच्या चांगुलपणाचीच किंमत कमी होते. चांगुलपणा खरा होता, म्हणूनच त्याचा असा वापर करणे हे मोठे पाप ठरते. वाईट माणसाला फसवणे वाईट. पण निर्मळ मनाच्या मुलाचा विश्वास घेऊन त्याला खोटे सांगणे त्याहून वाईट. लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याविषयी प्रभू येशूने किती कठोर शब्द वापरले आहेत, ते आपल्याला माहीत आहे. जात्याच्या तळीची उपमा त्याने उगाच दिलेली नाही.

यावर कुणी म्हणेल, 'शत्रू दारात आला असताना तरुणांनी हात बांधून बसावे काय?' हा आक्षेप रास्त आहे. आपल्या गावांतूनही मुले सैन्यात गेली आहेत आणि त्यांचा आपल्याला अभिमान आहे. देशाची सेवा सैनिक म्हणून जे प्रामाणिकपणे करतात ते शांततेचीच सेवा करतात, असे ख्रिस्तसभाही म्हणते. हल्ला झालेल्या देशाला स्वतःचे रक्षण करण्याचा हक्क आहे आणि ते रक्षण कुणीतरी जिवावर उदार होऊनच करावे लागते. मात्र सज्ञान माणसाने डोळे उघडे ठेवून घेतलेला निर्णय आणि पंधरा वर्षांच्या मुलाकडून करवून घेतलेला त्याग यांत अंतर आहे. जगाला हे अंतर उशिरा कळले. 18 वर्षांखालील मुलांनी प्रत्यक्ष लढाईत भाग घेऊ नये, असा करार संयुक्त राष्ट्रांनी 2000 साली मान्य केला आणि भारतानेही 2005 मध्ये त्याला मान्यता दिली. ओकिनावात 21 शाळांतील मुलेमुली युद्धाच्या कामाला जुंपली गेली होती. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना स्फोटके देऊन रणगाड्यांवर धाडले गेले होते. वयाची रेषा कायद्यात आता आली आहे. मनाची रेषा मात्र घरात आणि शाळेतच आखावी लागते.

ती रेषा कोणती? पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1995 साली संयुक्त राष्ट्रांच्या सभेत तिचा उल्लेख केला होता. स्वतःच्या देशावर योग्य प्रेम करणे वेगळे आणि इतर देशांचा तिरस्कार शिकवणारा राष्ट्रवाद वेगळा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ते स्वतः पोलंडचे. नाझी सैन्याने देश व्यापला तेव्हा ते जेमतेम 19 वर्षांचे होते. देशप्रेम म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही 1965 साली नागरिकांना उदार मनाने, निष्ठेने देशावर प्रेम करायला सांगितले, पण मन संकुचित होऊ देऊ नका आणि सर्व मानवी कुटुंबाचे हित डोळ्यांसमोर ठेवा, असेही बजावले.

ओकिनावाची कथा यात आणखी एका कसोटीची भर घालते, असे मला वाटते. देश जेव्हा मुलाकडे प्रेम मागतो, तेव्हा त्या मुलाने उद्या जिवंत असावे अशी त्या देशाची मनापासून इच्छा आहे काय? ज्या देशभक्तीत मुलाच्या उद्याला जागा आहे, ती चौथ्या आज्ञेखालची देशभक्ती. ज्या देशभक्तीला मुलाचे मरणच जास्त शोभून दिसते, तिने आईबापांची जागा सोडून मूर्तीची जागा घेतलेली असते. पहिली आज्ञा अशा मूर्तीपासून आपल्याला सावध करते. पवित्र शास्त्रात मोलखाच्या मूर्तीपुढे लेकरांचे बळी देण्याची निंदा केलेली आहे, आणि मोरिया डोंगरावर अब्राहामाचा उगारलेला हात परमेश्वरानेच थांबवलेला आहे. जो देव आपल्यासाठीही इसहाकाचा बळी मागत नाही, तो दुसऱ्या कुणाला तो मागू देईल काय?

त्या जूनमध्ये एक हात थांबला होता. अध्यापन विद्यालयाचे एक शिक्षक नाकासोने सेइझेन आपल्या काही विद्यार्थिनींसह दक्षिण किनाऱ्यावर अमेरिकन सैनिकांच्या वेढ्यात सापडले. मुलींजवळ हातबॉम्ब होता. शिकवल्याप्रमाणे तो फोडून सर्वांनी एकत्र मरावे, अशी त्यांची तयारी होती. नाकासोने यांनी तो फोडू दिला नाही. त्या मुली जगल्या. त्याच किनाऱ्यावर दुसरे एक शिक्षक व त्यांच्या विद्यार्थिनी हातबॉम्बने मरण पावल्या. दोघेही शिक्षक आपल्या मुलींवर प्रेम करणारे होते, दोघेही त्यांना सोडून पळाले नव्हते. अखेरच्या घटकेला एकाच्या तोंडून 'नको' हा शब्द निघाला. जी शिकवण आयुष्यभर स्वतः ऐकली आणि इतरांना दिली, तिच्याविरुद्ध तो शब्द उच्चारायला त्या माणसाला किती बळ लागले असेल!

युद्धानंतर नाकासोने यांनी वाचलेल्या मुलींच्या आठवणी गोळा करून 1951 साली प्रसिद्ध केल्या. ते भाषेचे अभ्यासक होते. पुढची अनेक वर्षे त्यांनी आपल्या गावच्या, नाकिजिनच्या, बोलीचे शब्द जमवण्यात घालवली आणि 1983 साली त्या बोलीचा मोठा कोश प्रकाशित केला. हीच ती भाषा, जी बोलल्याबद्दल शाळेत गळ्यात पाटी अडकवली जात होती, आणि 1945 च्या लढाईत जी बोलणाऱ्याला हेर समजून शिक्षा करण्याचा आदेश जपानी फौजेने काढला होता. तिचा एकेक शब्द त्यांनी जपून ठेवला. हीसुद्धा देशभक्ती आहे. तिच्यासाठी बिगूल वाजत नाही आणि तिला शत्रू लागत नाही.

वाचलेल्या मुली अनेक वर्षे बोलल्या नाहीत. मैत्रिणी गेल्या आणि आपण राहिलो, याचे दुःख त्यांना बोलू देत नव्हते. अखेर शाळेच्या माजी विद्यार्थिनींनी पुढाकार घेऊन 23 जून 1989 रोजी त्या गुहेजवळ एक शांतता संग्रहालय उभारले आणि त्या स्वतः तेथे उभ्या राहून शाळकरी मुलांना आपली हकिकत सांगू लागल्या. शिक्षिका होण्याचे त्यांचे स्वप्न अशा रीतीने उतारवयात पूर्ण झाले, असे म्हणावे लागेल. वयोमानामुळे 2015 मध्ये ती व्याख्याने थांबली, पण तोवर त्यांनी लाखमोलाचा धडा देऊन ठेवला होता.

हे सर्व जपानमधले, ऐंशी वर्षांपूर्वीचे, असे म्हणून आपल्याला बाजूला होता येणार नाही. श्रद्धेच्या घरातही ही आग पोचली होती. नागासाकी येथील धर्मभगिनींच्या जुनशिन शाळेच्या मुलीही युद्धसाहित्याच्या कारखान्यांत कामाला लावल्या गेल्या होत्या आणि 9 ऑगस्ट 1945 च्या अणुबॉम्बने त्या शाळेचे दोनशेहून अधिक जीव घेतले. आजही युक्रेनमध्ये, गाझामध्ये, सुदानमध्ये दहावी-बारावीच्या वयाची मुले युद्धाच्या सावलीत आपला उद्या शोधत आहेत. आपल्याकडे 2025 च्या मे महिन्यात सीमेवर तोफा धडाडल्या आणि शहराशहरांतून सरावाचे भोंगे वाजले, तेव्हा आपल्या मुलांनी तासन्‌तास मोबाइलवर काय पाहिले आणि घरातल्या मोठ्यांच्या तोंडून काय ऐकले, याचा प्रत्येक घराने विचार करावा. शत्रूदेशातही दहावीच्या परीक्षेला बसणारी मुले आहेत, हे त्यांना कुणी सांगितले काय?

मुलांच्या मनातले देशप्रेम विझवण्याचे काहीच कारण नाही. प्रतिज्ञा म्हणताना ज्याचा आवाज चढतो, तिरंगा पाहून ज्याचे डोळे पाणावतात, तो मुलगा आपला ठेवा आहे. त्याला देशाचा इतिहास खरा शिकवावा, जय आणि पराजय, चुका आणि पराक्रम, सगळेच. सैन्यात जायचे असेल तर सज्ञान होऊन, आईवडिलांशी बोलून, मनात कुणाचा द्वेष न ठेवता जावे, असे त्याला सांगावे. नर्स होणे, शिक्षक होणे, शेत राखणे, कर भरणे, लाच न देणे हीही देशाची सेवाच आहे, हेही सांगावे. आणि एक गोष्ट अशी सांगावी, जी ओकिनावाच्या मुलींना कुणी सांगितली नाही: 'बाळा, तू जिवंत परत यावास अशी आमची इच्छा आहे, आणि परत येण्यात लाज नाही.'

संत लूक आपल्याला सांगतो की, यरुशलेम नगरी दृष्टीस पडताच प्रभू येशू रडला. आपल्या देशावर आणि आपल्या लोकांवर त्याचे प्रेम होते. शत्रूच्या वेढ्यात त्या नगरीचे आणि तिच्या लेकरांचे काय होईल, हे त्याला दिसत होते, म्हणून त्याचे डोळे भरून आले. कालवारीच्या वाटेवर रडणाऱ्या स्त्रियांनाही त्याने त्यांच्या मुलाबाळांचीच आठवण करून दिली. देशावर प्रेम कसे करावे, हे आपण त्याच्याकडून शिकू या. आज मिस्सानंतर घरी गेल्यावर आपल्या हायस्कुलात जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून विचारा, 'तुला पुढे काय व्हायचे आहे?' उत्तर ऐकायला थोडा वेळ काढा. त्या उत्तराचे रक्षण करणे, हे आईबापांचे काम आहे आणि देशाचेही.